कोरड्या पंपात पहिलं पाणी

“कालपर्यंत चांगला चालत होता न भाऊ, अपडेट झालं अन् तवापासून चालूच नाही होऊन राह्यला!” जुलैत पीकविम्यासाठी सोयाबीनवाल्यांची रांग लागलेली असताना वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात हे वाक्य ऐकू आलं, की काळजात धस्स होतं. मला मात्र दर वेळी वेगळंच नवल वाटतं. हा संगणक आजवर रोज सकाळी चालू तरी कसा होत होता?

बटण दाबता तेव्हा त्याची रॅम कोरी असते. विंडोज आहे डिस्कवर. पण डिस्क वाचायची कशी, हे सांगणारं विंडोजही डिस्कवरच! विहिरीवरच्या पंपाचं असंच नाही का? तो पाणी खेचतो खरा, पण कोरडा पडला की आधी वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं.

संगणकात ही पहिली बादली कोण ओततं? इंटेल वंशाच्या प्रोसेसरला जाग येते तेव्हा फक्त एक पत्ता ठाऊक असतो. चार गिगाबाइटच्या हद्दीला फक्त १६ बाइट उरलेले असतात, तिथला. १९७८ च्या ८०८६ चिपलाही १६ बाइटच उरत. हद्द तेवढी एक मेगाबाइटची होती. एवढ्याशा जागेत काय मावणार? ‘तिकडे जा’ एवढी एक सूचना! ‘तिकडे’ म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधलं बायोस. ते रॅम आणि डिस्कची हजेरी घेतं आणि विंडोज रॅममध्ये आणणाऱ्या बूट लोडरला उठवतं. लोडर विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला उठवतो, कर्नल ड्रायव्हरांना.

म्हणूनच संगणक कुठे अडला, यावरून दुखणं कळतं. कंपनीचं चिन्हच उमटत नसेल, तर विंडोजची पाळीच आलेली नाही. रॅम बघा, वीजपुरवठा बघा. चिन्हाखाली ठिपके गरगरत राहिले किंवा पडदा निळा झाला, तर खोट साखळीच्या शेवटच्या कड्यांत. अपडेट हात घालतं ते बहुधा तिथेच. वापरात असलेली फाइल चालू संगणकात बदलता येत नाही, म्हणून बदल थांबतो पुन्हा सुरू होण्यापर्यंत.

१९ जुलै २०२४ आठवतो? सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल जगभर गेली. तिला २१ वी नोंद हवी होती, कंपनीच्या प्रोग्रामकडे होत्या २०. तो २१ वी शोधायला स्मृतीत भलतीकडेच गेला, आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले! मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने सुरू झालं, प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास मिळाले. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण जो संगणक उठतच नाही त्याला दुरुस्ती पोचवणार कशी? असंख्य ठिकाणी माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून, सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर उठवून, ती एक फाइल पुसली. काही क्लाउड यंत्रं तर पंधरा-पंधरा वेळा बंद-चालू केल्यावर सावरली.

तुमच्या केंद्रातल्या यंत्रातही अशी सोय आहे. लागोपाठ दोन-तीनदा उठणं फसलं, की विंडोज आपणहून डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात जपलेली छोटी आवृत्ती पुढे करतं. दुरुस्ती करणाराच यंत्रात बसून! तिथे ‘ट्रबलशूट’मधून शेवटचं अपडेट काढून टाका. डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर असेल तर ते ४८ अंकी किल्ली मागेल. ती आधीच वहीत उतरवून ठेवा.

यंत्र बंद होतं, पुन्हा त्या १६ बाइटांपासून निघतं. ठिपके फिरतात, थांबतात. पडदा उजळतो, आणि रांगेतला पुढचा माणूस सातबारा पुढे करतो.