हृदयाच्या वारंवार होणाऱ्या अनियमित ठोक्यांची तपासणी : एक विवेचन

छातीत मध्येच धस्स होणे, एक ठोका चुकल्यासारखा वाटणे व लगेच पुढचा ठोका जोराने जाणवणे, ही तक्रार घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे जातो. ईसीजी निर्दोष येतो. मग 'मानसिक ताण' हे निदान हाताशी असतेच. प्राध्यापकवर्गास हा अनुभव अपरिचित नसावा. ईसीजी निर्दोष असूनही तक्रार खरी कशी असू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चुकल्यासारखा वाटणारा ठोका वस्तुतः वेळेआधी पडलेला असतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील, म्हणजे निलयांतील, एखादा पेशीसमूह नैसर्गिक गतिकारकाची वाट न पाहता स्वतःच विद्युत्-स्पंद सोडतो. त्या क्षणी हृदय पुरेसे भरलेले नसल्याने हा ठोका मनगटाशी अनेकदा पोहोचतच नाही. त्यानंतरच्या विरामात हृदय अधिक भरते, म्हणून पुढचा ठोका जोराचा पडतो. यामुळेच केवळ नाडी मोजून काढलेला वेग फसवा ठरू शकतो. प्रत्येक दुसरा ठोका अकाली असेल तर ७२ ऐवजी ३६ असा आकडा मिळतो.

नेहमीचा ईसीजी सुमारे दहा सेकंदांचा असतो. दिवसात असे दहा सेकंदांचे ८,६४० तुकडे पडतात. त्यांतील एकच आपण पाहतो. ही उणीव अमेरिकेतील मोंटाना राज्याचे शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी ओळखली. त्यांचे प्रारंभीचे उपकरण पाठीवर वाहावे लागे व त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१ मध्ये त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात आपली पद्धती मांडली. आजचे होल्टर यंत्र खिशात मावते व २४ तास वा अधिक काळ नोंद घेते. दिवसाच्या सुमारे एक लाख ठोक्यांपैकी अकाली किती, हे प्रमाण त्यातून कळते. ते दहा टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास काही रुग्णांत हृदयाचा स्नायू दुर्बल होतो. म्हणून हृदयाची रचना व आकुंचनक्षमता पाहणारी इकोकार्डिओग्राफी तितकीच आवश्यक असते. रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन व थायरॉइड यांच्या तपासण्या स्वस्त असूनही पुष्कळदा मागे राहतात.

ठोके दिसले की ते औषधाने दाबावेत, हा विचार सरळ वाटतो. पण 'कास्ट' या चाचणीने १९८९ मध्ये त्यास धक्का दिला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत एन्केनाइड व फ्लेकेनाइड यांनी अकाली ठोके कमी केले, परंतु मृत्यू वाढले. तेव्हापासून ठोक्यांच्या संख्येइतकेच महत्त्व हृदयाच्या मूळ स्थितीस दिले जाते. हृदय निरोगी व ठोके थोडे असल्यास बहुधा औषधाची गरज पडत नाही. मात्र भोवळ येऊन शुद्ध हरपणे, किंवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, या बाबी डॉक्टरांस आवर्जून सांगाव्यात.

आपल्या भागात एक व्यावहारिक अडचण आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे 'घाटी'त, मराठवाड्यातून रुग्ण येतात. होल्टर यंत्र कोठेही लावले तरी ते परत करावेच लागते. कन्नड वा वैजापूरच्या रुग्णास म्हणजे एक मुक्काम किंवा दुसरी खेप. त्यामुळे दिवस विचारपूर्वक निवडावा. रजा घेऊन पडून राहण्यापेक्षा नेहमीचे काम, जिने व चहा असलेला दिवस बरा. धस्स झाले की घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहावी. नोंदीतील त्याच मिनिटाशी ती ताडून पाहता येते.