थोरल्या दवाखान्यातली उतरंड

कोल्हापुरात जुनी माणसं अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात, बाकीचे सीपीआर. कागदोपत्री छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. टाऊन हॉलसमोरच्या या दगडी इमारतीचे सुरुवातीचे दिवस होते तेव्हा डॉक्टर म्हणजे डॉक्टर, फार तर पुरुषांचा आणि बायकांचा एवढाच भेद. बायकांच्या वॉर्डसाठी संस्थानाने 1886 साली नेमलं ते थेट अमेरिकेतून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना. त्या परतल्या, पण क्षयाने खंगूनच. कामावर रुजू होण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. पुढच्या पिढीत कोल्हापूरच्याच डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी या दवाखान्यात बायकांवर उपचार केले.

आता इथं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे आणि एका डॉक्टरचे वीस झालेत. गगनबावड्याच्या घाटात मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलेला पोरगा कॅज्युल्टीत आला, की आधी भेटतो तो सीएमओ, म्हणजे कॅज्युल्टी मेडिकल ऑफिसर. तो पोलिसकेसची नोंद करतो. सलाईन लावायला इंटर्न धावतो. मग ऑर्थोचा रेसिडेंट येतो. पोट दुखतंय म्हटल्यावर सर्जरीला कॉल जातो, सोनोग्राफीसाठी रेडिओलॉजीला चिठ्ठी, रक्ताची बाटली पॅथॉलॉजीला. ऑपरेशन ठरलं तरी भूल देणाऱ्याने ‘फिट’ लिहिल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत. नातेवाईक नाव लक्षात ठेवतात ते हाडांच्या डॉक्टरांचं. दोन तास त्या पोराचा श्वास ज्याच्या हातात होता, त्याचं नाव कोण विचारतो?

एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडी-एमएसला तीन, आणि मेंदू किंवा हृदयापर्यंत जायचं तर डीएम-एमसीएचची आणखी तीन. एवढी शिडी चढायचीच, तर कुठल्या फांदीवर बसायचं याचा हिशेब पोरं चोख करतात. रेडिओलॉजी आणि त्वचारोगाच्या जागा देशभर आधी संपतात. अॅनाटॉमी, फिजिओलॉजीच्या रिकाम्या राहतात. रात्री-अपरात्री फोन न वाजणारं काम हवं, यात मला काही गैर वाटत नाही. पण उद्याच्या एमबीबीएसला शरीररचना शिकवायची कुणी?

डॉक्टरांच्या या उतरंडीत न बसणारी माणसं वेगळीच. रेसिडेंट युनिटप्रमाणे बदलतात, इंटर्न तर पोस्टिंग संपलं की दुसऱ्या विभागात. इन्चार्ज सिस्टर मात्र तिथंच. कुठल्या खाटेवरच्या पेशंटला कशाची अॅलर्जी, हे नव्या रेसिडेंटला तीच सांगते. एक्स-रेला स्ट्रेचर ढकलणारे मामा, चादर बदलणाऱ्या मावशी यांच्याशी पेशंट डॉक्टरांपेक्षा जास्त बोलतो. ‘मोठे सायेब कधी येत्यात?’ हेही त्यांनाच विचारतो.

डिस्चार्ज कार्डावर युनिटप्रमुखांचं नाव असतं. फेरतपासणीला त्याच युनिटच्या ओपीडीच्या वारी यायचं. भलत्या वारी आलात तर दुसरं युनिट, दुसरे डॉक्टर, आणि मांडी कशी मोडली ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.