मनें चोरणारा खेचर

विज्ञानकथेंतील खलपुरुष म्हटला, कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक मूर्ति उभी राहते: विक्राळ मुद्रा, अद्भुत शस्त्रें आणि सारें जग जाळून टाकण्याची गर्जना. अमेरिकन लेखक आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–१९९२) यानें ‘फाउंडेशन’ नामक कथामालेंत जो खलपुरुष निर्माण केला, तो या सर्वांहून निराळा आहे. तो घरांतील माणसांच्या मनांत स्वतःविषयीं भक्ति उत्पन्न करतो, आणि मग त्या घराचीं दारें आंतूनच उघडलीं जातात. त्याचें नांव ‘म्यूल’, म्हणजे खेचर. या कथामालेवरून तयार झालेल्या दूरचित्रवाणी-मालिकेंत २०२५ सालीं तो प्रमुख पात्र म्हणून अवतरला. तेव्हां पुस्तकांतील खेचर आणि पडद्यावरील खेचर यांची तुलना करणें उद्बोधक होईल. असें करतांना दोन्हींकडील रहस्य उघड करावें लागेल, हें वाचकांस आधींच सांगून ठेवणें बरें.

कथामालेची पहिली कथा ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या मे १९४२ च्या अंकांत प्रसिद्ध झाली. तेव्हां लेखक अवघा बावीस वर्षांचा होता. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा गिबनकृत इतिहास त्याच्या वाचनांत आला होता, आणि तोच ऱ्हास त्यानें आकाशगंगेच्या विस्तारावर कल्पिला. लक्षावधि ग्रहांवर पसरलेलें, बारा हजार वर्षें टिकलेलें साम्राज्य कोसळूं लागलें आहे. त्यामागून तीस हजार वर्षांचें अंधारयुग येणार आहे. हॅरी सेल्डन नांवाचा गणितज्ञ ‘सायकोहिस्टरी’ या, म्हणजे समाजमनाच्या गणिताच्या, बळावर तें युग एक हजार वर्षांवर आणण्याची योजना आंखतो. वायूच्या एका कणाची गति वर्तवितां येत नाहीं. परंतु असंख्य कणांचा समुच्चय नियमानें वागतो. मनुष्यसमाजाचेंहि तसेंच, असा या शास्त्राचा सिद्धांत. मात्र त्याला एका व्यक्तीविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं.

नेमक्या याच छिद्रांतून खेचर कथेंत शिरतो. सेल्डनची योजना एकदां तरी उधळली पाहिजे, अशी सूचना मासिकाचा संपादक जॉन कॅम्बेल यानें केली, आणि नोव्हेंबर व डिसेंबर १९४५ च्या अंकांत ‘द म्यूल’ ही दीर्घकथा आली. १९५२ सालीं ती ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ या पुस्तकाचा उत्तरार्ध झाली. तींतील एक प्रसंग फार परिणामकारक आहे. संकटाच्या घडीला सेल्डनची प्रतिमा प्रकट होऊन लोकांना धीर देत असे. या वेळीं सारे मोठ्या आशेनें जमले असतां ती प्रतिमा भलत्याच कलहाविषयीं, व्यापाऱ्यांच्या यादवीविषयीं, बोलूं लागते. खेचराचें नांवसुद्धां तिच्या मुखीं नाहीं! आणि त्याच वेळीं शत्रूच्या नौका डोक्यावर येऊन ठेपतात. तीनशे वर्षें ज्या शब्दावर विश्वासलों, तो शब्दच पोकळ निघाला, हें जाणवतांना सभेची जी अवस्था होते, ती वाचकालाहि अस्वस्थ करते.

खेचराची शक्ति कोणत्या स्वरूपाची? विराटपर्वांत अर्जुनानें सम्मोहनास्त्र सोडून कौरवसेनेला भूल पाडली, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु ती भूल उतरणारी होती, आणि जागा झालेला दुर्योधन पूर्वीचाच दुर्योधन होता. खेचर माणसाला निजवीत नाहीं. त्याची बुद्धि, स्मृति, कर्तृत्व हीं सारीं तो शाबूत ठेवतो, आणि केवळ भावना बदलतो. हॅन प्रिचर हा त्याचा कडवा वैरी. तो त्याच्या हातीं सांपडतो आणि पुढें त्याचा निष्ठावंत सेनापति होतो. आपली निष्ठा कृत्रिम आहे, हें प्रिचरला पक्कें ठाऊक असतें; पण पूर्वस्थितीला परत जावें, ही इच्छाच त्याच्या ठायीं उरलेली नसते. तुरुंगांतील कैदी निदान सुटकेचें स्वप्न पाहतो. याचें तेंहि हिरावलें गेलें आहे.

पुस्तकांत खेचर आहे तरी कोण? टोरन आणि बेटा हें नवविवाहित जोडपें प्रवासांत मॅग्निफिको नांवाच्या एका काटकुळ्या, भित्र्या विदूषकाला आश्रय देतें. त्याच्यासह तीं जेथें जातात, तेथें पराभव आणि निराशा पसरते. शेवटीं बेटाच्या ध्यानांत येतें, कीं हा दीन विदूषकच खेचर आहे! ज्या गुप्त संस्थेच्या शोधांत तो आहे, तिचा पत्ता वृद्ध पंडित एब्लिंग मिस याच्या ओठांवर येतो, आणि त्याच क्षणीं बेटा त्या स्नेह्यालाच ठार करते. कारण तो शब्द बाहेर पडला असता, तर सर्वनाश ओढवला असता. तिचें मन मोकळें कसें राहिलें? जन्मभर अवहेलना सोसलेल्या त्या कुरूप जीवावर तिनें आपण होऊन माया केली होती. न मागतां मिळालेल्या त्या एकुलत्या एक स्नेहाला हात लावण्याचें त्याच्या जिवावर आलें, आणि तेथेंच तो हरला. खेचराला संतति होत नाहीं, तशी त्यालाहि नाहीं. त्याचें साम्राज्य त्याच्यापाशींच संपणार.

आतां पडद्याकडे वळूं. डेव्हिड गॉयर व जॉश फ्रीडमन यांनीं सिद्ध केलेली ही मालिका ॲपल कंपनीनें २४ सप्टेंबर २०२१ पासून दाखविण्यास आरंभ केला. दुसऱ्या पर्वांत खेचर भविष्यदर्शनांत दिसतो. ११ जुलै ते १२ सप्टेंबर २०२५ या काळांत झालेल्या तिसऱ्या पर्वांत पिलू आस्बेक हा डॅनिश नट लुटारू सेनानीच्या रूपांत ती भूमिका करतो. त्याचें क्रौर्य उघड आहे, आणि पडद्याला तें मानवतें. ज्यांनीं पुस्तक वाचलें होतें, त्यांचें लक्ष अर्थातच विदूषकावर खिळलेलें. परंतु अखेरच्या भागांत तो सेनानी पडल्यावर कळतें, कीं तो केवळ बाहुलें होता; खरी खेचर बेटाच!

ही युक्ति चतुर आहे, यांत संशय नाहीं. जाणत्या वाचकालाहि चकविणें सोपें नव्हे, आणि रहस्य राखण्याचा दुसरा मार्गहि फारसा नव्हता. तथापि या चतुराईची किंमत मोठी पडली आहे. मूळ कथेंत ज्या अबलेला कोणी मोजलें नव्हतें, तिच्या निर्व्याज मायेनें जगज्जेत्याला रोखलें; मालिकेंत ती मायाच कपट ठरली. कथेचें रहस्य टिकलें, पण तिचा प्राण निघून गेला, असें आम्हांस वाटतें.

कारण या कथेचा खरा प्रश्न घरोघरचा आहे. खेचराचे अंकित लोक दुःखी नसतात; त्याच्या राज्यांत शांतता नांदते. मग बिघडलें कोठें? एकत्र कुटुंबांत सर्वांचें एकमत असावें, अशी वडिलांची इच्छा असते, आणि ती वावगी नाहीं. परंतु पटवून देणें निराळें आणि मन वळवून घेणें निराळें. पटवून देतांना समोरच्याला ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक राहते. सून हंसतमुखानें होकार देते, तेव्हां तिला नकार देतां आला असता काय, हें ज्या घरांत कोणी विचारीत नाहीं, तेथें थोडासा खेचर वावरतोच. हातांतील भ्रमणध्वनीवर आपली आवड-नावड हेरून पुढें केल्या जाणाऱ्या जाहिरातींनाहि हीच कसोटी लावावी.

ॲसिमॉव्हनें सज्जनांनाहि मोकळें सोडलेलें नाहीं. ‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३) या पुढील पुस्तकांत खेचराचा पाडाव करणारे लोक त्याचेंच मन बदलून त्याला निरुपद्रवी करतात. साधन तेंच, हात मात्र निराळे! जगाचें कल्याण साधलें, म्हणून तें कृत्य क्षम्य ठरतें काय? लेखक उत्तर देत नाहीं. घरांतील तरुण मंडळी मालिका पाहणारच. त्यांनीं आधीं पुस्तक वाचावें, आणि मग या प्रश्नावर वडिलांशीं मनमोकळेपणें वाद घालावा. त्या वादांत वडिलांचा पराभव झाला, तरी घराचें हितच होईल.