भूकंपानंतरचे संसार

संकटाने माणसे जवळ येतात, असे आपण सहज म्हणून जातो. नवराबायकोच्या बाबतीत हे कितपत खरे? अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याला सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने झोडपले. कॅथरीन कोहान व स्टीव्ह कोल या अभ्यासकांनी तेथील नोंदी तपासल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून दिसते, की आपद्ग्रस्त ठरलेल्या २४ कौंटींत वादळानंतरच्या वर्षी लग्ने वाढली, जन्म वाढले आणि घटस्फोटही वाढले! मला वाटते, वर्षानुवर्षे मनात घोळणारा निर्णय संकट एकदाचा घ्यायला लावते. मग तो जोडण्याचा असो की तोडण्याचा.

पण ज्यांचा जोडीदारच गेला, त्यांचे काय? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर आली. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसे गेली. मागे विधवा, विधुर आणि पोरकी लेकरे राहिली.

माझे आईवडील त्यांतलेच. वडिलांची पहिली पत्नी व मुलगी गेली. आईचे पहिले यजमान गेले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना जाणत्या मंडळींनी दोघांची गाठ घालून दिली. वाजंत्री नाही, मानपान नाही. आमच्या गावात विधुरांची लग्ने लवकर जमली. विधवेला मात्र आधी विचारीत, पदरात लेकरू आहे का, आणि मदतीचा चेक कुणाच्या नावे निघाला? आईलाही विचारले होते.

याला प्रेम म्हणावे का? सिनेमातले नव्हेच. परंतु आपले दुःख जोडीदाराला समजावून सांगावे लागत नाही, हीही लहान गोष्ट नाही. वडील अजून रात्री दाराला आतून कडी लावीत नाहीत. आईने कारण कधी विचारले नाही.

अशा संसारात गेलेली माणसेही राहत असतात. थोरल्या आईचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. सणावाराला आईच त्याला हार घालते. आईच्या पहिल्या यजमानांचा फोटो मात्र आजोळी, मामांच्या पेटीत आहे. वडिलांनी कधी मनाई केली नाही, आपणच तो आणला नाही, असे आई सांगते.