मेणवली येथील ऐतिहासिक वास्तू

मेणवली हे सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील कृष्णाकाठचे गाव वाईपासून सु. तीन किमी. अंतरावर आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस (१७४२–१८००) याचा वाडा, नदीवरचा दगडी घाट व घाटालगतची देवालये यांमुळे ते प्रसिद्धीस आले. या वास्तूंचे बाह्यरूप पुष्कळसे टिकून आहे. उपयोग मात्र दोन शतकांत अनेकदा पालटले.

औंधचे भवानराव प्रतिनिधी व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये हे गाव नानास दिले. त्याने येथे घाट बांधला, मेणेश्वर व विष्णू यांची देवालये उभारली आणि सु. १७८० पर्यंत सहा चौकांचा वाडा पूर्ण केला. जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, उघड्या चौकांभोवतीच्या ओसऱ्या व पौराणिक विषयांवरील भित्तिचित्रे ही वाड्याची ठळक वैशिष्ट्ये होत. वाड्याच्या मागील अंगास घाटाच्या पायऱ्या नदीत उतरतात.

नानाचे वास्तव्य मुख्यतः पुण्यास असल्यामुळे मेणवलीचा वाडा राजधानीपासून दूर असे एक आश्रयस्थान होता. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर (१७९५) गादीच्या वारसाचा तंटा उद्‌भवला, तेव्हा १७९६ मध्ये नाना पुणे सोडून सातारा व वाई या भागात आला आणि तेथून महाडकडे गेला. त्याच्या निधनानंतर त्याची अल्पवयीन पत्नी जिऊबाई हिला काही काळ लोहगडाचा आसरा घ्यावा लागला. पुढे इंग्रजांनी तिला नेमणूक बांधून दिली आणि तिचे उत्तरायुष्य मेणवलीस गेले. मुत्सद्द्याचा वाडा अशा रीतीने एका विधवेचे व तिच्या वारसांचे राहते घर बनला.

या घरात माणसांइतकीच कागदपत्रेही नांदत होती. नानाच्या खाजगी व राजकीय पत्रव्यवहाराचा मोठा संग्रह येथे राहिला. इतिहासाभ्यासकांत तो ‘मेणवली दप्तर’ म्हणून ओळखला जातो. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी हे दप्तर मिळविले व त्यातील बरीच सामग्री प्रकाशात आणली. त्यांनी साताऱ्यास जमविलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आला. दप्तर गेले आणि वाड्याचा दप्तरखाना म्हणून असलेला उपयोग संपला. कागदांच्या दृष्टीने हे स्थलांतर हिताचेच ठरले, कारण पावसाळी हवा व वाळवी हे दोन्ही जुन्या कागदाचे शत्रू होत. लाकडी वाड्याचेही तेच शत्रू आहेत, परंतु वाडा उचलून नेता येत नाही.

घाटाजवळ एका लहानशा दगडी इमारतीत टांगलेली मोठी घंटा हे उपयोगबदलाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण होय. तीवर १७०७ हे वर्ष आणि बाल येशूसह मेरीची आकृती आहे. मूळची ही पोर्तुगीज चर्चमधील घंटा. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर त्या प्रांतातील अशा घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या; भीमाशंकर व नाशिकचे नारोशंकर मंदिर येथेही त्या आहेत. मेणवलीस घंटेवरील मूळ आकृती खरवडून काढलेली नाही, हे विशेष.

शहरातील वाड्यांना नवा उपयोग सार्वजनिक संस्थांनी दिला. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली व नंतर सरकारी आणि नगरपालिकेची कार्यालये थाटली गेली. १८७९ च्या आगीत जळालेला भाग वर्गणी व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभारला गेला. खेड्यातील वाड्याला असा भाडेकरू सहसा मिळत नाही. मेणवलीस तो चित्रपटाच्या रूपाने मिळाला. स्वदेस (२००४) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले व त्यानंतर पर्यटकांची वर्दळ वाढली. पडद्यावर मात्र मेणवली उत्तरेकडील एखादे खेडे म्हणून वावरते. नानाचे नाव तेथे कोठेच येत नाही.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील लेकॉक या खेड्याशी मेणवलीची तुलना उद्‌बोधक ठरेल. तेथे १२३२ मध्ये स्थापन झालेला जोगिणींचा मठ १५३९ मध्ये बरखास्त झाला आणि विल्यम शॅरिंग्टन याने तो विकत घेऊन त्याचे राहत्या घरात रूपांतर केले. याच घराच्या एका खिडकीचे छायाचित्र हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ मध्ये घेतले. त्याची ऋणप्रत आद्य छायाचित्रणातील अमोल ठेवा समजली जाते. हे खेडेही चित्रपटांचे आवडते स्थळ आहे. भेद मालकीचा आहे. टॅल्बट घराण्याने १९४४ मध्ये मठ व खेडे नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दिले. घरे भाड्याने देऊन ती राहती ठेवण्याची व डागडुजीची जबाबदारी ती संस्था वाहते. मेणवलीचा वाडा फडणीसांच्या वंशजांकडेच असून कौले, तुळया व भित्तिचित्रे यांच्या जपणुकीचा भार प्रथम त्यांच्यावर पडतो.