लॅक्स्टन : बांधांचे गाव

शेजाऱ्याने बांध कोरला, ही तक्रार आपल्या खेड्यांत कुणाला नवी नाही. पण हा बांध सांभाळता सांभाळताच एक गाव शतकानुशतके टिकून राहिले, असे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातले लॅक्स्टन हे ते गाव.

१०८६ साली विल्यम राजाने करविलेल्या पाहणीच्या बाडात या गावाची नोंद आहे. मध्ययुगात मध्य इंग्लंडमध्ये अशी गावे पुष्कळ होती. मध्ये घरे, भोवती दोन-तीन अफाट शेते आणि कुंपण कुठेच नाही. प्रत्येक शेतात प्रत्येक कुळाचे अरुंद पट्टे विखुरलेले. म्हणून चांगली माती एकाला आणि खडकाळ दुसऱ्याला, असे सहसा होत नसे. एका शेतात गहू, दुसऱ्यात जव किंवा वाटाणा, तिसरे पडीक. त्या पडिकात गावची गुरे चरत.

आता पाहा, अशा गावात मनाला येईल ते पेरून कसे चालेल? कापणी केव्हा, गुरे केव्हा सोडायची, हे सर्वांनी मिळूनच ठरवायला हवे. ते ठरविण्यासाठी गावाची कचेरी बसे. जमीन जमीनदाराची खरी, पण तिच्या वहिवाटीवर रयतेचा हात असे.

१६३५ साली या गावाचा एक सुरेख नकाशा झाला. त्यात दोन हजारांहून अधिक पट्टे दाखविले आहेत. तो करविणारा मालक म्हणजे लंडनचा सावकार सर विल्यम कोर्टेन. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याने पूर्वेच्या व्यापाराचा परवाना मिळविला आणि पुढल्या वर्षी त्याची गलबते आपल्या गोव्याला लागली!

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून अशी उघडी शेते कुंपणांत घातली. उत्पन्न वाढले, हे नाकारता येत नाही. पण ज्याच्याजवळ एक गाय आणि गायरानातला हक्क एवढेच होते, त्याची गाय गेली. तो मजूर झाला. लॅक्स्टनमध्येही पट्टे कमी झाले, काही जमीन कुंपणात गेली. परंतु तीन शेते उरली.

१९५२ साली सरकारने हे गाव विकत घेतले. २०२० साली ते पुन्हा थोर्सबी या जुन्या जमीनदारीकडे गेले. मालक बदलले, कचेरी मात्र बसतेच. दरवर्षी नोव्हेंबरअखेर शेतकऱ्यांतलेच पंच गव्हाचे शेत फिरून पाहतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात. वाटेवर कुणी नांगर घातला असेल, तर आठवड्याभराने गावच्या खानावळीत त्याला दंड होतो.

दंड लहानसाच असतो. पण तो ठोठावणारे शेजारी असतात आणि भरणाराही पुढे पंच होणार असतो. कायद्याची कुंपणे इतरत्र जे करू शकली, ते इथे का झाले नाही, याचा विचार करताना ही साधी गोष्ट आपण विसरू नये.