‘च’चा भार

काही महिन्यांपूर्वी बेचाळीस वर्षांच्या एक भगिनी दवाखान्यात आल्या. मानेपासून कपाळापर्यंत ठणका, रात्री दोनला जाग आणि जेवणानंतर छातीत जळजळ या त्यांच्या तक्रारी होत्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड सारे व्यवस्थित होते. मी दिनक्रम विचारला. त्या म्हणाल्या, “डबे माझ्याच हातचे हवेत. ऑफिसचे काम शिल्लक राहताच कामा नये. सासूबाईंचे पथ्य मीच सांभाळायला हवे. मुलाची दहावी आहे, त्याचा अभ्यासही मीच घेतला पाहिजे.”

“असे कोण म्हणते?” मी विचारले. क्षणभर थांबून त्या उत्तरल्या, “तसे कोणीच नाही.”

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचा सर्वांत कठोर परीक्षक आपल्याच मनात बसलेला असतो. त्याची मागणी पुरी झाली नाही, की मेंदू त्याला संकट समजतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल स्रवतात, नाडी जलद होते, स्नायू ताठरतात. अल्पकाळ ही सज्जता उपकारक असते. मात्र अपेक्षाच अशक्य असेल, तर संकट कधी संपतच नाही आणि झोप, पचन व रक्तदाब यांवर त्याचा परिणाम होऊ लागतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. इच्छा आणि अट्टहास यांत भेद करावा, हे तिचे एक मुख्य सूत्र. मराठीत हा भेद एका अक्षरात दिसतो. ‘हे जमावे’ ही इच्छा. ‘हे जमलेच पाहिजे’ हा अट्टहास.

मीही यास अपवाद नव्हतो. एकही रुग्ण परत जाताच कामा नये, या हट्टापायी रात्री अकरापर्यंत मी दवाखाना चालवीत असे. एका रात्री थकलेल्या हाताने औषधाची मात्रा चुकीची लिहिली गेली. औषधविक्रेत्याने फोन केला, म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून तातडीचा रुग्ण नसेल, तर नऊला दार बंद होते.

आपणही एक प्रयोग करावा. आठवडाभर रोज रात्री स्वतःला घातलेल्या ‘च’युक्त अटी वहीत लिहाव्यात. प्रत्येकीपुढे दोन प्रश्न लिहावेत: हे न झाल्यास नेमके काय बिघडेल? माझ्या जिवलग मैत्रिणीकडून मी हीच अपेक्षा केली असती का? मग त्यांतील एकच अट सैल करावी. सर्व एकदम सोडू पाहणे हाही नवा अट्टहासच. ध्येये सोडावीत असा याचा अर्थ नव्हे. ती आपल्या वेळेच्या व शक्तीच्या मापाने बेतावीत, इतकेच.

उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. जीव नकोसा वाटू लागला, तर क्षणाचाही विलंब न करता घरच्यांना सांगावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

दीड महिन्याने त्या भगिनी पुन्हा आल्या. डोकेदुखी पूर्ण थांबली नव्हती, पण झोप सुधारली होती. “रविवारी मुलाने पोहे केले,” त्या म्हणाल्या. “मीठ जास्त झाले होते. मी दही घालून खाल्ले, आणि काही बोलले नाही.”